बायकांना आयुष्य जास्त, मग दुखणीही त्यांनाच जास्त का? सोलापुरातील एका फिजिशियनचे सविस्तर उत्तर

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील पस्तीस वर्षे यंत्रमागावर राबले, त्यांना कधी अंथरुणाला खिळलेले कोणी पाहिले नाही, आणि ६४व्या वर्षी हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात ते गेले. आई ७२ वर्षांची आहे. तिने उमेदीची सगळी वर्षे विड्या वळल्या; गुडघे, कंबर, चक्कर, झोप न लागणे अशा तिच्या तक्रारी वडील असतानाही होत्या आणि आजही आहेत. बायका जास्त जगतात असे सगळीकडे सांगितले जाते, मग घरात कायम आजारी असणारी आईच का होती, आणि आता तिच्यासाठी व आपल्या स्वतःसाठी, म्हणजे ४६ वर्षांच्या मुलासाठी, काय करण्यासारखे आहे, हे आपल्याला हवे आहे.

आपल्या घरात जे घडले ते अपवाद नव्हे. गेली एकोणतीस वर्षे मी सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करते आणि शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीतून, येणाऱ्या निम्म्याअधिक घरांची कहाणी मला अशीच ऐकायला मिळते. साथरोगशास्त्रात तर हे कोडे म्हणूनच ओळखले जाते: दुखणी बायकांची जास्त, मरण पुरुषांचे आधी. मात्र या कोड्याचा जो भाग निसर्गाच्या हातात आहे तो लहान आहे, आणि जो घराच्या व दवाखान्याच्या हातात आहे तो मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आकडे. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१६-२० या काळात जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान पुरुषांचे ६८.६ आणि स्त्रियांचे ७१.४ वर्षे होते. म्हणजे फरक जेमतेम पावणेतीन वर्षांचा. जगाची सरासरी घेतली तर तो सुमारे पाच वर्षांचा आहे आणि जपानमध्ये सहा वर्षांचा. आपल्याकडचा हा फरक मुळात नवा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७०-७५ मध्ये भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे होते आणि स्त्रीचे ४९. तेव्हा आपल्याकडे बाईच आधी जात होती. १९८०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात ही दोन्ही टोके बरोबरीला आली आणि त्यानंतर स्त्रिया पुढे गेल्या. एवढ्या थोड्या काळात निसर्ग बदलत नसतो. बदलले ते बाळंतपण, लसीकरण आणि मुलीच्या आजारपणात तिला डॉक्टरकडे नेण्याची घरातल्यांची तयारी. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले होते, तर देशाचे ९७ होते. आपल्या आजीच्या पिढीत बाळंतपणात गेलेली एखादी बाई प्रत्येक भावकीत असे, हे आठवून पाहावे.

दुसरा आकडा आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. जागतिक आरोग्य संघटना नुसते आयुष्य मोजत नाही, धडधाकट अवस्थेत काढलेली वर्षेही मोजते. तिच्या २०१९च्या अंदाजानुसार जगातील स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे पाच वर्षे जास्त जगतात, पण निरोगी वर्षांचा फरक मात्र जेमतेम अडीच वर्षांचा आहे. राहिलेली अडीच वर्षे काठी धरून, भिंतीचा आधार घेत, दुसऱ्याने पाणी दिले तर पिऊन काढायची असतात. आईच्या वाट्याला जास्त आयुष्य येते असे आपण म्हणतो तेव्हा त्यात हीही वर्षे धरलेली असतात.

निसर्गाचा वाटा किती, यावर मी फार वेळ घेत नाही. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, त्यामुळे एकावरील जनुक सदोष निघाले तर दुसऱ्याची साथ मिळते. पुरुषाला ती सोय नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी असेपर्यंत रक्तवाहिन्यांना बरेच संरक्षण देते, आणि म्हणून स्त्रियांचा हृदयविकार सरासरी सात ते दहा वर्षे उशिरा येतो. स्त्रीची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी अधिक जोमाने लढते, पण हीच शक्ती कधी कधी स्वतःच्या शरीरावर उलटते, आणि म्हणून आमवातासारख्या आजारांत रुग्णांच्या रांगेत बायकाच अधिक दिसतात. पुरुषी संप्रेरकांचीही काही किंमत मोजावी लागते असे दिसते: कोरियाच्या जुन्या राजदरबारातील ८१ खोजांच्या, म्हणजे वृषणे गमावलेल्या दरबारी सेवकांच्या, वंशावळी २०१२ मध्ये अभ्यासल्या गेल्या तेव्हा त्यांचे सरासरी आयुष्य ७० वर्षे भरले, त्यांच्याच दर्जाच्या इतर पुरुषांपेक्षा किमान चौदा वर्षे जास्त. दुष्काळ आणि साथींच्या जुन्या नोंदींतही मुली मुलांपेक्षा अधिक तगलेल्या आढळतात. पुराणातील सावित्रीला यमाकडून नवऱ्याचे प्राण मागून आणावे लागले, यात काही शास्त्र असेल असे मी म्हणणार नाही, पण त्या कथेत आधी कोण जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

आता मला अधिक महत्त्वाचा वाटणारा पुरावा. जर्मनीतील बव्हेरियात कॅथलिक मठांमधील साधू आणि साध्वी यांच्या शंभरेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दोघांचे जेवण, झोप, काम आणि दिनक्रम जवळपास सारखा होता. बाहेरच्या समाजात स्त्री-पुरुषांच्या आयुष्यातला फरक वाढत वाढत कित्येक वर्षांवर गेला असताना मठांत तो साधारण एका वर्षावर राहिला, आणि याचे मुख्य कारण असे की साधू बाहेरच्या पुरुषांपेक्षा जास्त जगले. याच्या उलट टोक रशियाचे: सोव्हिएत संघ मोडल्यानंतर १९९४च्या सुमारास तेथील पुरुषांचे आयुर्मान ५७-५८ वर्षांवर घसरले आणि स्त्रियांचे ७१ वर्षांच्या आसपास टिकले. तेथे दारूने जो कहर केला तो सर्वांना माहीत आहे. एकाच मनुष्यजातीत हा फरक कुठे एक वर्ष आणि कुठे तेरा वर्षे असेल, तर त्याचे खापर गुणसूत्रांवर फोडता येत नाही.

सोलापुरात वेगळे काही नाही, फक्त नावे बदलतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ४२ टक्के पुरुष आणि १४ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. मागावरचा माणूस रातपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळतो, दर दोन तासांनी चहा पितो आणि छातीत जळजळ झाली की ॲसिडिटीची गोळी घेतो. ही जळजळ ॲसिडिटी नसते हे कित्येकदा ईसीजी काढल्यावरच कळते, आणि तो ईसीजी काढायला तो येत नाही. आपल्या वडिलांना कधी आजारी पाहिले नाही असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ त्यांचा रक्तदाब आणि साखर कधी मोजली गेली नव्हती असाही होऊ शकतो. तो आजारी नसणे आणि आजार न सापडणे यांतला फरक आहे. बायका दवाखान्यात अधिक वेळा येतात याचे एक साधे कारण म्हणजे मुलाचे लसीकरण, स्वतःचे बाळंतपण, सासूचे दुखणे अशा निमित्तांनी त्यांची दवाखान्याशी ओळख झालेली असते. पुरुषाची ओळख बहुधा थेट अतिदक्षता विभागात होते.

याच संदर्भात एक गोष्ट नेहमी डोळ्यांसमोर येते. सत्तरीचे एक गृहस्थ पत्नी वारल्यानंतर दीड महिन्याने तपासणीला आले. मेडिकलमधून आणलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर रिकामी केली. त्यात तीन प्रकारच्या गोळ्यांच्या अर्ध्या अर्ध्या पट्ट्या होत्या. कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची हे विचारल्यावर ते बराच वेळ पट्ट्या उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, “ते तिला ठाऊक होतं.” त्यांची साखर तेव्हा साडेतीनशेच्या पुढे होती. जोडीदार गेल्यानंतर मृत्यूचा धोका दोघांनाही वाढतो, पण पुरुषांना तो अधिक वाढतो, असे अनेक देशांतील पाहण्या सांगतात. त्यामागे दुःखाबरोबर या पट्ट्यांचाही हात असतो, असे मला वाटते.

आता आईकडे येऊ, कारण आपल्या हातात सध्या जे आहे ते तिच्याच बाबतीत आहे. आजच्या तिच्या दुखण्यांची मुळे सत्तरीत नसून विशी-तिशीत आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले आणि पुरुषांमध्ये २५ टक्के. ज्या घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेली भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन बाई बसते, त्या घरात या आकड्यांचे नवल वाटत नाही. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. आधीच कमी साठवलेली हाडे आणि लवकर सुरू झालेला खर्च, असा हा हिशेब आहे. त्यात विडीचे काम. सूप मांडीवर घेऊन, मांडी घालून, मान खाली करून दिवसाला सातशे-हजार विड्या वळायच्या, आणि हे सगळे घरात, भिंतीशी बसून. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण जी बाई दिवसभर पान कापते आणि तंबाखू भरते तिच्या अंगाला ते ऊन लागत नाही, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी केली की आकडा हमखास तळाशी निघतो. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. चुलीवर स्वयंपाक करून तीस वर्षे धूर घेतलेल्या बायकांना विडी न ओढताही दमा जडतो. आणि मिश्री? ती तंबाखूच असते हे अनेक जणी मान्यच करत नाहीत. “मी कसलं व्यसन करत नाही” असे सांगणाऱ्या बाईला “दात कशानं घासता?” हे मी वेगळे विचारते, आणि निम्म्या वेळा उत्तर मिश्री असेच येते. आपणही आईला हे विचारावे, फक्त सुनेसमोर विचारू नये.

चक्कर ही तिची तक्रार मला सर्वांत जास्त काळजीची वाटते, गुडघ्यांपेक्षाही. वयस्क बायकांना लघवी आवरत नाही, खोकताना-शिंकताना थेंब जातात, आणि याबद्दल त्या कोणाजवळ बोलत नाहीत. मुलाजवळ तर नाहीच. मग बाहेर जायचे असले की पाणी पिणे बंद, रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. बाहेर एप्रिल-मेचे ४२-४३ अंशांचे ऊन, आणि पोटात रक्तदाबाची अशी गोळी जिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. हडकुळ्या, म्हाताऱ्या बाईच्या रक्तातले सोडियम अशा वेळी उतरते आणि चक्कर, गळून जाणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. हे म्हातारपण समजून घरी सोडून दिले जाते. आपल्या आईच्या गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, रक्तातील सोडियम आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तिचा रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर औषधाचा विचार नव्याने करावा लागतो. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नये. लघवीचा प्रश्न आहे का, हे शक्य असेल तर आपल्या बहिणीने किंवा पत्नीने विचारावे; ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने त्यात बराच फरक पडतो.

औषधांबाबत आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जात होते, आणि त्याचे परिणाम जगभर भोगले गेले. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस तेथील औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्मा केला, कारण सकाळपर्यंत ते औषध त्यांच्या रक्तात अधिक उरत होते. आई झोप येत नाही म्हणून काही गोळी घेत असेल, तर रात्री मोरीकडे जाताना पडण्याचा धोका तिथेच दडलेला असतो. खुब्याचे हाड मोडलेली सत्तरीची बाई पुन्हा पूर्वीसारखी चालू शकतेच असे नाही, आणि तिच्या शिल्लक आयुष्यातली निरोगी वर्षे त्या एका रात्रीत संपू शकतात. मोरीत घट्ट दांडी, रात्रभर एक मंद दिवा आणि घसरत नाही अशी चप्पल या तीन गोष्टींचा खर्च हजार-दोन हजार रुपयांच्या पलीकडे जात नाही.

हृदयविकार पुरुषांचा, हा समज आपल्या घरातल्या अनुभवामुळे अधिक पक्का झाला असेल. तो काढून टाका. साठीनंतर स्त्रियांनाही तो होतो, आणि छातीत दाबल्यासारखे होण्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, विनाकारण घाम येणे असा येतो. गॅस झाला असेल म्हणून ओवा देऊन झोपवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

माझ्या टेबलावर पकडीचा जोर मोजणारे एक साधे यंत्र असते. ते हातात दिले की बायका आधी हसतात. एकदा चाळीस वर्षे विड्या वळलेल्या एका आजींनी ते दाबले तेव्हा काटा १३ किलोपर्यंत गेला. त्यांची बोटे अजूनही पान दुमडण्यात माझ्यापेक्षा तीनपट वेगवान होती, पण जोर उरलेला नव्हता. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार पकड स्त्रीची १८ आणि पुरुषाची २८ किलोच्या खाली गेली तर स्नायूंची झीज झाल्याचा संशय घ्यावा. यंत्र घरी नसले तरी खुर्ची असते. भिंतीला टेकवलेल्या हात नसलेल्या खुर्चीवर आईला बसवा, दोन्ही हात छातीवर दुमडायला सांगा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पाय अशक्त झाले आहेत असे समजावे. गुडघे फारच दुखत असतील तर हा प्रयोग आधी डॉक्टरांसमोर करावा.

गुडघे दुखतात म्हणून तिने बसून राहावे, हा घरोघरीचा सल्ला मला मान्य नाही. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू झिजतात आणि त्यांचा सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, रोज सकाळी अर्धा तास चालणे एवढ्याने सुरुवात होते. खाण्यात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने जावीत, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत पंचवीस. त्यामुळे भाकरी-चटणी हे जेवण वाईट नाही, कमी आहे. त्याला मटकी, हुलगा किंवा डाळीची वाटी आणि दूध, ताक, अंडे यांपैकी काही जोडले की ते पुरे होते. कडक भाकरी दातांअभावी चावत नसेल तर आधी दात बसवून घ्या.

आपल्या पत्नीसाठीही एक सूचना, जरी आपण तिच्याबद्दल विचारलेले नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदणी चालते, देशातील ती अशी पहिली. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३२ हजार स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याचा आधार घेतला तो पुरावा आपल्या शेजारच्या गावांतील बायकांनी दिला, आणि आपल्या घरातल्या बायका ती तपासणी करून घेत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

आता आपण स्वतः. वडील ६४व्या वर्षी गेले म्हणून आपलेही तसेच होईल असे नाही, पण रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल या आठवड्यात तपासून घ्या. तंबाखू असेल तर ती सोडण्यासाठी मदत घ्या. नुसत्या निश्चयावर सुटणाऱ्यांची संख्या फार कमी असते. आपल्या गोळ्या पुढे सुरू झाल्या तर त्यांची नावे आणि वेळा आपल्याला पाठ असाव्यात, पत्नीला नव्हे.

आईबद्दल शेवटचे दोन मुद्दे. भारतातील साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा आहेत; पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकेच आहे. नवरा गेल्यावर पैशांची आणि बोलण्याची अशा दोन्ही वाटा एकदम आटतात. आईची झोप वडील गेल्यापासून अधिक बिघडली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणेही तिने सोडले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार होतात. दुसरे, तिला ७० वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी ती उत्पन्नाच्या अटीविना पात्र आहे. रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांना त्यातून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, रोजच्या बाह्यरुग्ण औषधांना नाही. कार्ड आधार क्रमांकावर निघते आणि ते आजारपण येण्याआधी काढून ठेवावे.

खुर्चीच्या चाचणीचे सेकंद आज तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि व्यायाम व आहार सुरू केल्यानंतर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना ते दोन आकडे आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्याव्यात.